सोबतीत टिकणारा सारखेपणा



मी एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दोन गोष्टी सारख्या आहेत असं आपण कधी म्हणावं? शाळेच्या भूमितीत या एका प्रश्नाची दोन उत्तरं आपण शिकलो. आकार जुळला तर त्रिकोण समरूप, आकार आणि माप दोन्ही जुळलं तर एकरूप. म्हणजे सारखेपणाला पायऱ्या असतात, आणि कोणत्या पायरीवर थांबायचं हे कामावरून ठरतं. आज रेल्वेचे सिग्नल, रुग्णालयातली यंत्रं, बँकांचे व्यवहार हे सगळं अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालवणाऱ्या संगणकांवर सोपवलेलं आहे. तिथं जुनी प्रणाली काढून नवी बसवताना सांगितलं जातं, ‘काळजी नको, ही तेच काम करते.’ ‘तेच काम’ म्हणजे काय? ते तपासायचं कसं? माझं म्हणणं असं, की एकट्या यंत्राकडे पाहून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कोणत्याही सोबतीत एकाच्या जागी दुसरं बसवलं आणि काहीही बिघडलं नाही, तरच ती दोन यंत्रं सारखी. ‘कोणत्याही सोबतीत’ या दोन शब्दांना नेमका अर्थ देण्याचं काम बीजगणित करतं, आणि तो अर्थ तपासता येईल असा करण्याचं काम ऑटोमॅटा, म्हणजे मोजक्या अवस्था असलेली गणिती यंत्रं, करतात.

हा प्रश्न किती गंभीर आहे हे आधी पाहू. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं, संगणकानं चालणारं यंत्र. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार दिला गेला, आणि त्यांतले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथं १९८६ साली झालेल्या दोन अपघातांचं मूळ एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या क्रमात होतं. यंत्रातली चुंबकं जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांत तंत्रज्ञानं पडद्यावरची नोंद दुरुस्त केली, तर पडद्यावर नवी नोंद दिसे, पण यंत्राच्या दुसऱ्या भागाला तो बदल कळतच नसे. सरावानं ज्याचा हात वेगात चालतो, त्याच्याच हातून हे घडणार. पुढं नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट आजच्या विषयाच्या गाभ्याशी जाते. हाच दोष आधीच्या थेरॅक-२० या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्येही होता! तिथं मात्र स्वतंत्र संरक्षक यंत्रणा बसवलेली होती. दोष उफाळला की फ्यूज उडे, यंत्र थांबे आणि रुग्ण वाचे. थेरॅक-२५ मध्ये ती यंत्रणा नव्हती, तिचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं. दोष तोच राहिला, सोबत बदलली, आणि माणसं गेली. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. इथं उलटं झालं. चांगला शेजार होता तोवर अवगुण झाकलेला होता. शेजार सुटला आणि तो उघडा पडला.

आता पहिला मुद्दा. यंत्राचं बीजगणित असू शकतं, ही कल्पना आली कुठून? मॅकलॉक आणि पिट्स यांनी १९४३ साली मेंदूतल्या चेतापेशींच्या जाळ्याचं एक गणिती चित्र मांडलं होतं. अशी जाळी कोणकोणत्या घटनामालिका ओळखू शकतात, याचा शोध अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी घेतला. १९५६ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखात एक अत्यंत सुंदर सिद्धांत आहे. मोजक्याच अवस्था असलेलं यंत्र, म्हणजे सांत ऑटोमॅटन, जे काही करू शकतं ते सगळं फक्त तीन क्रियांनी लिहिता येतं. ‘हे किंवा ते’ ही बेरीज, ‘हे आणि मग ते’ हा गुणाकार, आणि ‘हेच पुन्हा पुन्हा’ ही पुनरावृत्ती, जी तारांकनानं दाखवतात. एका बाजूला वर्तुळं आणि बाण यांचं चित्र, दुसऱ्या बाजूला बीजगणितातली राशी, आणि दोन्हींची ताकद बरोबर तेवढीच. याचा परिणाम असा, की सारखेपणाचा प्रश्न दोन वाटांनी सोडवता येतो. नियम वापरून एका राशीचं रूपांतर दुसरीत करायचं ही एक वाट, आणि दोन चित्रं शेजारी ठेवून अवस्थेला अवस्था जुळवत जायचं ही दुसरी. दुसरी वाट यंत्राला चालता येते. त्यासाठी हॉपक्रॉफ्ट आणि कार्प यांनी १९७१ साली एक अतिशय जलद पद्धत दिली. पहिली वाट मात्र दिसते तितकी सोपी नाही. केवळ समीकरणांची कोणतीही मर्यादित यादी या बीजगणिताला पुरत नाही, हे रेडको यांनी १९६४ साली सिद्ध केलं. ‘असं असेल तर तसं’ या रूपाचे नियम जोडले की मर्यादित यादी पुरते, हे डेक्स्टर कोझेन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. मागच्या दशकात याच बीजगणितावरून संगणकांच्या जाळ्यांसाठी ‘नेटकॅट’ नावाची भाषा तयार झाली, आणि दोन जाळी माहितीची पाकिटं सारखीच पोचवतात का, हे तिच्यात समीकरणानं विचारता येतं.

इथवर एक गृहीत चुपचाप आत आलं आहे. यंत्राचं वर्तन म्हणजे त्यातून घडू शकणाऱ्या घटनामालिकांची यादी, एवढंच आपण धरलं. यंत्र एकटं असेल तर ते पुरतं. सोबत असेल तर पुरतं का? हा दुसरा मुद्दा, आणि सगळ्यात महत्त्वाचा. रेल्वे स्थानकावरची दोन तिकीट यंत्रं डोळ्यांपुढं आणा. पहिल्यात पैसे टाकले की ‘ठाणे’ आणि ‘पनवेल’ ही दोन्ही बटणं उजळतात, प्रवासी हवं ते दाबतो. दुसऱ्यात पैसे पडताक्षणीच यंत्र आतल्या आत ठरवतं, की या वेळी फक्त ठाणे द्यायचं किंवा फक्त पनवेल, आणि तेवढंच एक बटण उजळतं. दिवसअखेर दोन्ही यंत्रांची नोंदवही काढली तर काय दिसेल? पैसे मग ठाणे, पैसे मग पनवेल. दोन्ही वह्यांत याच दोन प्रकारच्या नोंदी! यादीच्या हिशेबानं यंत्रं सारखी. आता पनवेललाच जायचं असलेला प्रवासी या यंत्रांपुढं उभा करा. पहिल्यापुढं तो कधीच अडत नाही. दुसऱ्यापुढं तो पैसे टाकून उभा राहू शकतो, आणि त्याचं बटण कधी उजळतच नाही. प्रवासी हीसुद्धा एक प्रक्रियाच आहे. यंत्र आणि प्रवासी मिळून जी जोडप्रक्रिया होते, ती एका ठिकाणी चालते आणि दुसऱ्या ठिकाणी ठप्प होते.

हे बीजगणितात कसं दिसतं? पहिलं यंत्र म्हणजे पैसे·(ठाणे + पनवेल), दुसरं म्हणजे पैसे·ठाणे + पैसे·पनवेल. शाळेतला वितरणाचा गुणधर्म सांगतो की ही दोन सारखी. क्लीनींच्या बीजगणितातही ती सारखीच आहेत. एडिनबरोचे रॉबिन मिल्नर यांनी १९८० साली संवाद करणाऱ्या प्रणालींचं आपलं बीजगणित, म्हणजे सीसीएस, मांडलं तेव्हा हा नियम त्यांनी नाकारला. बेरीज कोणत्याही क्रमानं करा, तीच राहते. एकच पर्याय दोनदा लिहिला तरी तो एकच राहतो. हे नियम त्यांनी ठेवले आणि वितरणाचा हा एक नियम काढला. एक नियम गमावून त्यांनी काय मिळवलं? निवडीचा क्षण मिळवला. कोण निवडतं आणि कधी निवडतं, हे राशीत दिसू लागलं. जी प्रक्रिया दुसऱ्या प्रक्रियेशी संवाद साधून जगते, तिच्याबद्दल यापेक्षा मोलाची माहिती कोणती?

पण मग सारखेपणा ठरवायचा कसा? त्याचं उत्तर वॉरिकचे डेव्हिड पार्क यांनी १९८१ साली दिलं. त्याला बायसिम्युलेशन म्हणतात, आपण परस्परानुकरण म्हणू. ते एका खेळासारखं समजून घेता येतं. एक आव्हान देणारा, एक उत्तर देणारा. आव्हान देणारा दोनपैकी कोणत्याही यंत्रात एक पाऊल टाकतो, आणि उत्तर देणाऱ्यानं दुसऱ्या यंत्रात त्याच नावाचं पाऊल टाकायचं. मग पुन्हा आव्हान, आणि दर वेळी बाजू बदलण्याची मुभा आव्हान देणाऱ्याला. उत्तर देणारा कधीच अडला नाही, तर यंत्रं सारखी. आपल्या तिकीट यंत्रांवर खेळून पाहा. आव्हान देणारा दुसऱ्या यंत्रात पैसे टाकतो आणि फक्त ठाणे उरलेल्या अवस्थेत जातो. उत्तर देणारा पहिल्या यंत्रात पैसे टाकतो. आव्हान देणारा आता बाजू बदलून पहिल्या यंत्रात ‘पनवेल’ दाबतो. उत्तर देणाऱ्याकडे चाल उरली आहे का? नाही. दोन चालींत निकाल लागला, आणि हरण्याचं कारणही हाती आलं: पैसे टाकल्यावर अशी अवस्था येऊ शकते की जिथून पनवेल मिळत नाही. सारखेपणा मोडतो तेव्हा तो का मोडला हे एका वाक्यात सांगणारं तर्कशास्त्र मॅथ्यू हेनेसी आणि मिल्नर यांनी याच काळात उभं केलं.

सोबतीचा आग्रह मिल्नर यांनी स्वतःच्या व्याख्येलाही लावला, हे मला फार मोलाचं वाटतं. बाहेरून न दिसणारी, आतल्या आत पडणारी पावलं मोजू नयेत, असं आपल्याला सहज वाटतं. तसा एक सैलसर सारखेपणा त्यांनी मांडला. त्यात ‘ठाणे’ आणि ‘आतलं एक पाऊल, मग ठाणे’ या दोन प्रक्रिया सारख्या ठरतात, आणि ते योग्यच वाटतं. पण दोन्हींच्या शेजारी ‘पनवेल’ हा पर्याय ठेवा. पहिल्या प्रक्रियेत दोन्ही पर्याय खुले राहतात. दुसरी मात्र कुणाला न विचारता आतलं पाऊल टाकू शकते, आणि पनवेल कायमचं बंद होतं! सारख्या म्हटलेल्या दोन गोष्टी एका नव्या शेजारानं वेगळ्या झाल्या. मिल्नर यांनी हा अपवाद म्हणून बाजूला ठेवला नाही, तर व्याख्या कडक करून घेतली: पहिल्याच चालीला एकानं आतलं पाऊल टाकलं, तर दुसऱ्यानंही निदान एक आतलं पाऊल टाकलंच पाहिजे. समान राशी कुठंही ठेवली तरी समताच राहिली पाहिजे, ही बीजगणिताची जुनी शिस्त आहे. यंत्रांच्या बाबतीत त्याच शिस्तीला सोबतीत टिकणं म्हणायचं.

तिसरा मुद्दा तपासणीच्या खर्चाचा. परस्परानुकरण ही यादीच्या तुलनेपेक्षा अधिक बारीक कसोटी आहे, म्हणून ती महागही असणार असं वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. अनिश्चित निवड असलेल्या दोन यंत्रांच्या याद्या जुळतात का हे पाहायला आपल्याला माहीत असलेल्या सगळ्या पद्धतींना, वाईट प्रसंगी, अवस्थांच्या संचांचा हिशेब ठेवावा लागतो. वीस अवस्था असतील तर असे संच १०,४८,५७६. परस्परानुकरणाची पद्धत धान्य चाळण्यासारखी आहे. सुरुवातीला सगळ्या अवस्था एकाच गटात टाकायच्या. मग एका गटातल्या काही अवस्थांना एखाद्या गटात नेणारं जे पाऊल टाकता येतं ते बाकीच्यांना येत नसेल, तर तो गट फोडायचा. फोडण्यासारखं काही उरलं नाही की थांबायचं. पॅरिस कॅनेलाकिस आणि स्कॉट स्मोल्का यांनी ही दिशा दाखवली, आणि पेज आणि टार्जन यांनी १९८७ साली ती इतकी जलद केली की लाखो बाणांचं चित्रही आवाक्यात येतं. पण खरी अडचण पुढं आहे. दहा प्रक्रिया एकत्र चालतात, प्रत्येकीच्या दहा अवस्था आहेत, तर जोडचित्रात १००० कोटी अवस्था होऊ शकतात. इथं चाळणी कितीही जलद असली तरी पुरत नाही. इथं बीजगणित कामाला येतं. सारखेपणा सोबतीत टिकतो हे आधीच सिद्ध असल्यामुळे प्रत्येक प्रक्रिया वेगळी घेऊन चाळता येते, तिच्या जागी तिचं लहान रूप ठेवता येतं, आणि मग जोडणी करता येते. दहा अवस्थांची प्रक्रिया चार अवस्थांची झाली, तर १००० कोटींऐवजी १०,४८,५७६ अवस्था उरतात. नियम शोभेसाठी नव्हते, ते इथं प्रत्यक्ष ओझं कमी करतात.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण या विषयावर गंभीर माणसांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. पहिला आक्षेप कामाच्या माणसाचा: एवढा खटाटोप कशाला, भरपूर चाचण्या घेतल्या की झालं! तीन प्रक्रिया, प्रत्येकीची दहा पावलं. ही पावलं एकमेकांत किती प्रकारे गुंफली जाऊ शकतात? साडेपाच लाख कोटींहून अधिक. त्यांतला एखादाच क्रम घातक असू शकतो, आणि टायलरमध्ये तो आठ सेकंदांच्या फटीत लपला होता. चाचणी हवीच. पण चाचणी नेहमी एका ठरावीक सोबतीत होते, आणि आपला प्रश्न प्रत्येक सोबतीचा आहे.

दुसरा आक्षेप ऑक्सफर्डचे टोनी होअर यांच्या परंपरेतून येतो. परस्परानुकरण प्रमाणाबाहेर बारीक आहे, असं ती परंपरा म्हणते. खेळात मध्येच बाजू बदलणारा आव्हानवीर प्रत्यक्षात कुठं असतो? होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या आणि १९८५ च्या पुस्तकात विस्तारलेल्या सीएसपी या भाषेत सारखेपणा वेगळ्या रीतीनं ठरतो. घडलेल्या मालिकेबरोबर, त्या क्षणी प्रक्रिया काय काय नाकारू शकते याचीही नोंद ठेवायची. आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. रॉब व्हान ग्लाबेक यांनी १९९० साली अशा अनेक सारखेपणांची एक क्रमवार मांडणीच करून दाखवली, आणि कोणत्या कामाला कोणती पायरी हवी हे त्यात शोधता येतं. पण नीट पाहा, होअर यांच्या हिशेबातही आपली दोन तिकीट यंत्रं वेगळीच ठरतात. दुसरं यंत्र पैसे घेऊन पनवेल नाकारू शकतं, पहिलं नाकारू शकत नाही. नुसती यादी पुरत नाही आणि सारखेपणा सोबतीत टिकला पाहिजे, यावर दोन्ही घराण्यांचं एकमत आहे. शिवाय दोन यंत्रं कडक परस्परानुकरणात उतरली, तर ती होअर यांच्या कसोटीतही उतरतातच. म्हणून स्वस्त आणि कडक कसोटी आधी लावावी, आणि तिथं अडलं तरच सैल कसोटीकडे जावं.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. मिल्नर यांच्या बीजगणितात ‘क आणि ख एकाच वेळी’ म्हणजे ‘क मग ख, किंवा ख मग क’. पण दोन स्वयंपाकी दोन चुलींवर एकाच वेळी रांधत आहेत, आणि एकच स्वयंपाकी एकामागून एक रांधतो आहे, या दोन गोष्टी एकच का? जर्मनीचे कार्ल आदाम पेट्री यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधापासूनच स्वतंत्र घटनांना क्रम लावू नये असा विचार रुजवला होता. हा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तरही बीजगणितातूनच आलं. क्रम आणि समांतरता या दोन वेगळ्या क्रिया धरणाऱ्या रचनांसाठी ऑटोमॅटा आणि क्लीनींसारखा सिद्धांत देण्याचं महत्त्वाचं काम चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतले कमल लोडाया आणि फ्रान्सचे पास्कल वेल यांनी २००० साली प्रसिद्ध केलं. पुढं २००९ साली होअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन क्रियांना जोडणारा अदलाबदलीचा नियम घेऊन समवर्ती क्लीनी बीजगणित मांडलं. आक्षेप आला आणि बीजगणित मोडलं नाही. त्यात एक क्रिया वाढली.

शेवटचा आक्षेप असा, की हे सगळं कागदावरच्या चित्रांचं आहे आणि प्रत्यक्ष यंत्र चित्रापेक्षा वेगळं असतं. खरं आहे. चित्रात जे घेतलं नाही त्याबद्दल बीजगणित बोलत नाही. थेरॅकच्या चित्रात आठ सेकंद कुणी काढलेच नसते, तर कोणत्याही पद्धतीनं ते सापडले नसते. तरीही चित्र काढण्याची सक्ती काय साधते याचा एक पुरावा इतिहासात आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ साली दोन पक्षांनी एकमेकांची ओळख पटवण्याचा एक प्रोटोकॉल मांडला. त्याच्या गाभ्यात दोघांमधले केवळ तीन संदेश. सतरा वर्षं तो जाणकारांच्या डोळ्यांखालून गेला. १९९५ साली गॅविन लोव्ह यांनी त्यावरचा हल्ला प्रसिद्ध केला. कुणी एखाद्या लबाडाशी संभाषण सुरू केलं, तर तो लबाड त्याचाच आधार घेऊन तिसऱ्यापुढं पहिल्याच्या नावानं उभा राहू शकतो. पुढच्याच वर्षी लोव्ह यांनी हा प्रोटोकॉल सीएसपीत लिहून, एफडीआर या तपासणाऱ्या प्रणालीनं तो हल्ला शोधून दाखवला. एका संदेशात उत्तर देणाऱ्याचं नाव घालून दुरुस्ती केली, आणि ती दुरुस्ती एका लहान प्रणालीवर तपासली. मग त्यांनी हातानं सिद्ध केलं, की ही लहान प्रणाली सुरक्षित असेल तर कितीही मोठी प्रणाली सुरक्षित असते. दोष कशामुळे सापडला? प्रोटोकॉलच्या सोबतीला लबाडही एक प्रक्रिया म्हणून बसवला म्हणून. तोवर सोबतीत प्रामाणिक माणसंच कल्पिलेली होती.

श्रोतेहो, आता मुद्दे एकत्र आणतो. एकट्या यंत्राला घटनांची यादी पुरते, सोबतीतल्या यंत्राला पुरत नाही. निवडीचा क्षण जपायचा तर वितरणाचा एक नियम सोडावा लागतो. सारखेपणा सोबतीत टिकतो हे बीजगणितानं सिद्ध केलं, तरच मोठ्या प्रणालीचे तुकडे वेगळे तपासता येतात, आणि ते तपासण्याचं काम ऑटोमॅटा करतात. यातलं गणित सगळ्यांना यावं अशी माझी अपेक्षा नाही. पण सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक जिवाच्या जबाबदारीवर एखादी नवी प्रणाली बसवली जाते आणि ती जुन्यासारखीच आहे असं सांगितलं जातं, तेव्हा एक प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. सारखी आहे, पण कोणाकोणाच्या सोबतीत हे तपासलंत? थेरॅक-२० मधलं फ्यूजचं संरक्षण नव्या यंत्रातून वगळताना हा प्रश्न विचारायला हवा होता. तो पुढच्या वेळी वेळेवर विचारला जावा, एवढीच विनंती करून मी थांबतो.